माडीचा जिना : आधी कागदावर, मग जागेवर



गळिताचा हंगाम आटोपला आणि उसाची बिले खात्यावर पडू लागली, की आपल्या भागात दोन कामांची घाई सुरू होते. एक लग्नकार्याची आणि दुसरी घरबांधणीची. राधानगरीच्या पावसाची तऱ्हा सर्वांना ठाऊक आहे. मिरगाच्या आत स्लॅब पडला नाही, तर पुढे चार महिने सेंट्रिंगच्या फळ्या भिजत पडतात आणि भाडे मात्र चालूच राहते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये जो तो मिस्त्रीच्या मागे असतो, आणि या घाईत घराच्या ज्या भागाचा विचार सगळ्यात शेवटी होतो तो म्हणजे जिना.

मी कारखान्याच्या सिव्हिल खात्यात ओव्हरसिअर म्हणून आयुष्य काढले. निवृत्त झालो तरी लोक कागद घेऊन घरी येतात. कागदावर सोपा असतो, देवघर असते, स्वयंपाकघराचा ओटा असतो, कपाटाची जागासुद्धा असते. जिना नसतो. "अहो, जिना कुठाय?" म्हणून विचारले, की ठरलेले उत्तर मिळते, "त्यो काय, बसंल की कुठंतरी. मिस्त्री बघून घेतोय."

मिस्त्री बघून घेतो हे खरे. पण तो बघतो ती उरलेली जागा. उरलेल्या आठ फुटांत त्याला दहा फूट चढायचे असते, मग तो पायरी उंच करतो आणि पाऊल ठेवायची जागा कमी करतो. यात त्याचा दोष नाही. आठ फुटांत दुसरे काही होतच नाही.

हे मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या घरात हेच झाले. कारखान्याच्या गोदामाचे जिने मी नकाशाबरहुकूम, पट्टी लावून करून घेतले. आणि २००६ साली स्वतःचे घर बांधताना जिन्याला जागा ठेवली आठ फूट, कारण सोपा मोठा हवा होता. तेरा पायऱ्या, प्रत्येक सव्वानऊ इंच उंच, पाऊल ठेवायला आठ इंच. म्हणजे माझ्या चपलेची टाच बाहेरच. तीन वर्षे काही झाले नाही. २००९ च्या श्रावणात आई गच्चीवरचे वाळवण आवरून खाली येत होती. वरच्या पहिल्याच पायरीवर तिचा पाय हुकला आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, ती चालू लागली, पण त्यानंतर तीन वर्षे तिने माडी बघितली नाही. ओव्हरसिअरच्या घरात ओव्हरसिअरची आई जिन्यावरून पडली, हे गावात कुणी मला तोंडावर म्हणाले नाही. म्हणाले असते तर बरे वाटले असते.

असो. आता मुद्द्याचे बोलतो.

आपल्याकडच्या जुन्या घरात जिना म्हणजे जवळजवळ शिडीच असे. जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंती, वर तुळया, त्यावर फळ्यांचा माळा. माळ्यावर भात, नाचणी, बियाण्याचे मडके, चुलीच्या धुराने राखलेल्या वस्तू. तिथे कोणी राहत नसे. दिवसाकाठी एकदा कोणीतरी दोर धरून चढे आणि पायली-दोन पायली दाणे घेऊन उतरे. वाड्यांतून तर जिना भिंतीच्या जाडीत घातलेला असे, एका वेळी एकच माणूस वाकून वर जाईल असा, आणि वर झडप. हा मुद्दाम केलेला बंदोबस्त होता. जिथे धान्याची खरी ने-आण होती तिथे मात्र त्याच काळातल्या लोकांनी जिना ऐसपैस बांधला. पन्हाळ्यावर अंबरखाना पाहिला असेलच. धान्य कोठाराच्या डोक्यावरून आत ओतायचे म्हणून बाहेरून वरपर्यंत दगडी पायऱ्या चढवल्या आहेत. डोक्यावर ओझे घेतलेला माणूस डोळ्यापुढे ठेवूनच त्या केल्या असणार.

आता आपली माडी ही राहायची जागा झाली. मुलगा-सून वर झोपतात, नातवंडे दिवसातून वीस वेळा वर-खाली पळतात. रात्रीच्या लाइटची पाळी असली, की दोन वाजता अर्धवट झोपेत मोटर चालू करायला खाली उतरावे लागते. वापर बदलला, जिना मात्र पुष्कळ घरांत माळ्याच्या शिडीचाच राहिला.

हिशेब अगदी सोपा आहे, दुसरीतल्या पोराला येईल असा. खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंतची उंची मोजा. बहुतेक घरांत ती १० फूट, म्हणजे १२० इंच भरते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घरात पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको आणि पाऊल ठेवायची जागा २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. १२० इंचांचे १६ भाग केले, तर एक पायरी साडेसात इंचांची, म्हणजे १९.०५ सेंटिमीटरची होते. अर्ध्या मिलिमीटरने नियमाबाहेर. कोणी पट्टी घेऊन बसणार नाही म्हणा, पण आपण १७ भाग करावेत. पायरी ७ इंचांहून केसभर जास्त येते. १७ हा आकडा विषम असल्याने घरातली वडीलधारी मंडळीही खूश. सम पायऱ्यांनी काही वाईट होते असे मी मानत नाही, पण एका आकड्याने दोन्ही बाजू राजी होत असतील तर वाद कशाला घालायचा?

उंचीचा आणि पावलाचा मेळ बसला की नाही हे बघायला एक जुनी रीत आहे. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात ब्लाँदेल नावाचा वास्तुशास्त्रज्ञ होऊन गेला, त्याने ती सांगितली. पायरीची उंची दोनदा घ्यायची आणि त्यात पावलाची जागा मिळवायची. बेरीज २४ ते २५ इंच आली, की चालणाऱ्याच्या पावलाशी जिना जुळला. ७ अधिक ७ अधिक १० बरोबर २४. माझ्या जुन्या जिन्याची बेरीज साडेसव्वीस येत होती. चढताना दम लागायचा तो काही वयामुळे नव्हे.

आता जागा किती लागते ते पाहू. १७ उंच्यांना १६ पावले लागतात, कारण सतरावी उंची चढली की आपण माडीवरच असतो. १६ गुणिले १० इंच म्हणजे १३ फूट ४ इंच. एका दमात सरळ चढणारा जिना असेल, तर एवढी लांबी हवी आणि वर उभे राहायला आणखी ३ फूट. लांबट घराला, एका भिंतीच्या कडेने, हा चांगला बसतो. पण एवढा उंच सरळ जिना म्हाताऱ्या माणसाला वरून खोल विहिरीसारखा दिसतो आणि पडले तर माणूस थेट तळालाच येतो. मला मध्ये वळण घेणारा जिना पसंत आहे. खाली ९ उंच्या, मग लँडिंग, मग उलट दिशेने ८. यात लांब बाजूची ८ पावले, ६ फूट ८ इंच. लँडिंग ३ फूट, वर उभे राहायला ३ फूट. लांबी झाली १२ फूट ८ इंच. रुंदी दोन वेळा ३ फूट आणि मधली तीन इंचांची फट, म्हणजे सव्वासहा फूट. सुमारे ७९ चौरस फूट जागा गेली. २२ बाय ३० च्या घरात हा आठवा हिस्सा होतो! म्हणूनच म्हणतो, आधी जिना बसवा आणि राहिलेल्या जागेत सोपा काढा.

जागा वाचवण्यासाठी कोपऱ्यात लँडिंगऐवजी तीन तिरक्या, त्रिकोणी पायऱ्या घालण्याची युक्ती मिस्त्री सुचवतात. त्यांच्या आतल्या अंगाला पाऊल ठेवायला जागाच उरत नाही. अंधारात माणूस कठड्याच्या बाजूनेच उतरतो आणि नेमका तिथेच फसतो. ही युक्ती घेऊ नका.

रुंदीचे सांगायचे, तर लहान स्वतंत्र घराला नियमाने अडीच फूटही चालते. पण अडीच फुटांत लोखंडी कपाट वळत नाही, भाताचे पोते पाठीवर घेतलेल्या माणसाची कोपरे भिंतीला घासतात. आणि एक गोष्ट बोलायला जड आहे, तरी बोलतो. वरच्या खोलीत आजारी पडलेल्या माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणायची वेळ प्रत्येक घरावर कधीतरी येते. तीन फूट स्वच्छ रुंदी ठेवा. कठड्याची जाडी त्यातून वजा करू नका.

डोक्यावरची उंची हे दुसरे दुखणे. जिन्यावर आणि जिन्याखालून जायच्या वाटेवर ७ फूट ३ इंच मोकळे हवेत. सरळ जिना असेल आणि स्लॅब ५ इंच जाड असेल, तर चौथ्या पायरीपर्यंत डोक्यावर स्लॅब चालतो, पाचव्या पायरीवर तो उघडा हवा. पण स्लॅबच्या त्या कडेला बहुतेक वेळा बीम येतो आणि तो नऊ इंच खाली लोंबतो. मग दुसऱ्या पायरीनंतरच उघडे करावे लागते. नकाशात बीमची खोली कोणी दाखवत नाही आणि घर झाल्यावर उंच जावई पहिल्या दिवाळीलाच कपाळाला टेंगूळ घेऊन जेवायला बसतो.

लँडिंगखाली संडास-न्हाणी काढायची पद्धतही पडली आहे. हिशेब करा. ९ उंच्या म्हणजे सव्वापाच फूट, त्यातून स्लॅब वजा जाता चार फूट दहा इंच. लहान पोर सोडून कोणीही ताठ उभे राहू शकत नाही. फरशी खाली घ्यावी तर सांडपाणी बाहेर जात नाही. तिथे सरपण ठेवा, अवजारे ठेवा. औषधांच्या बाटल्या आणि फवारणीचा पंप मात्र तिथेही नको, ते घराबाहेर.

आता ज्या चुकीने माझी आई पडली ती सांगतो, कारण ती आजही दहांतल्या सहा-सात घरांत दिसते. जिन्याचे काँक्रीट फरशी बसवण्याच्या आधी होते. मिस्त्री सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या करतो. नंतर खालच्या खोलीत मुरूम-कोबा करून फरशी बसते, जमीन तीन इंच वर येते. माडीवरही तसेच होते. पायऱ्यांवर मात्र एक इंचाचा कडप्पा बसतो. परिणाम काय? खालची पहिली पायरी दोन इंचांनी बुटकी होते आणि वरची शेवटची दोन इंचांनी उंच. मधल्या सगळ्या सात इंच, आणि वरची नऊ. माणसाचे पाय पायऱ्या मोजत नाहीत, दोन पायऱ्यांत त्यांना उंचीची सवय लागते आणि पुढे डोळे मिटूनही ते चालतात. सवय जिथे मोडते तिथे माणूस पडतो. यावर उपाय फुकटचा आहे. काँक्रीटच्या आधी पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन भिंतीवर तयार फरशीची रेघ मारायची, खाली आणि वर. त्या दोन रेघांमधले अंतर १७ने भागायचे, पायऱ्यांच्या खुणा भिंतीवरच करायच्या आणि प्रत्येक पायरीचे काँक्रीट कडप्प्याची जाडी सोडून खाली धरायचे. अर्ध्या तासाचे काम आहे.

सळईबद्दल एकच सांगतो, बाकीचे इंजिनिअरला विचारा. जिना वर चढून जिथे लँडिंगला मिळतो, तिथे खालच्या अंगाच्या सळया कोपऱ्याप्रमाणे वाकवून तशाच पुढे नेलेल्या दिसतात. वजन आले की त्या सरळ व्हायला बघतात आणि खालचे काँक्रीट ढलप्यासारखे उडवतात. जिन्याच्या सळया सरळ पुढे जाऊन लँडिंगच्या वरच्या अंगाला अडकल्या पाहिजेत आणि लँडिंगच्या खालच्या सळया वेगळ्या येऊन त्यांना छेदून गेल्या पाहिजेत. काँक्रीट ओतायच्या आधी स्वतः वाकून बघा. जिन्याला पाणी मारायलाही विसरतात, उतारावर ते थांबत नाही. किमान दहा दिवस ओले किलतान टाकून ठेवा.

मागच्या उन्हाळ्यात एका वाडीतले दोघे भाऊ आले होते. वाटणी झालेली, घर एकच, खाली थोरला आणि वर धाकटा असे ठरलेले. धाकट्याचे म्हणणे, जिना बाहेरून पाहिजे. थोरला म्हणाला, "बाहेरनं काढायला जागा कुठाय? बोळात उतरवायचा का?" धाकटा म्हणाला, "तीनच पायऱ्या बोळात येत्यात की अण्णा. समद्यांच्याच हायत."

समद्यांच्या आहेत हे खरे, म्हणून तर आपल्या गावठाणातल्या बोळांतून बैलगाडी जायची तिथे आता मोटारसायकल अडते. पण सार्वजनिक वाटेवर पायरी काढणे हे अतिक्रमण आहे. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ने पंचायत ते काढू शकते. घर गावठाणात असले तरी कलम ५२ प्रमाणे बांधकामाला पंचायतीची परवानगी लागते, आणि बाहेरचा जिना हेही बांधकामच. शिवाय, शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असणारा माणूस पंचायतीचा सदस्य राहण्यास अपात्र ठरतो, हे निवडणुकीला उभे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. तीन पायऱ्यांपायी निवडून आलेली जागा जाऊ शकते. ज्यांची जागा गावठाणाबाहेर आहे त्यांना राज्याची डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली बघावी लागते. त्यात बाजूला किती मोकळे अंतर सोडायचे ते ठरलेले आहे आणि जिना त्या अंतरात उतरवताना परवानगीच्या नकाशात दाखवावा लागतो. अभयारण्यालगतच्या गावांनी तर आधी चौकशी केल्याशिवाय खोदाईच करू नये. पंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी असतात, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, त्यांच्याकडून आपली जागा कुठल्या हद्दीत येते ते विचारून घ्या.

त्या भावांचे पुढे असे झाले, की दोघांना घेऊन मी जागेवर गेलो आणि फक्कीने जमिनीवर जिना आखला. समोरच्या सोप्याचा एक कोपरा कापून, रस्त्याच्या दारातून आत आल्याबरोबर डावीकडे. खालच्याला स्वतःचे दार, वरच्याला स्वतःचे, आणि जिना घराच्याच हद्दीत. थोरल्याचा सोपा लहान झाला. तो बराच वेळ फक्कीच्या रेघेकडे बघत उभा राहिला, मग म्हणाला, "बसंल माझी खाट." एवढ्यावर मिटले. भाऊ भांडतात ते जिन्यावरून नव्हे, हे मलाही कळते, पण जिना बोळात गेला असता तर शेजारीही त्या भांडणात आले असते.

बाहेरचा जिना करायचाच असेल, तर शक्यतो पश्चिम अंगाला नको. आपल्याकडे पावसाची झड तिकडूनच येते, जुलै-ऑगस्टमध्ये तिथे शेवाळ धरते आणि पायरी साबणासारखी होते. पॉलिश केलेला कडप्पा बाहेर लावू नका. लावलाच असेल, तर पुढच्या कडेला दोन-तीन खाचा मारून घ्या. पायरीला बाहेरच्या अंगाला अगदी थोडा उतार द्या, म्हणजे पाणी साचत नाही. कठडा तीन फुटांच्या वर हवा, आणि दोन गजांत चार इंचांपेक्षा जास्त फट नको, लहान पोराचे डोके जाता कामा नये. दिव्याचे बटण खाली आणि वर दोन्हीकडे चालणारे बसवा. वायरिंगच्या वेळी सांगितले तर खर्च नगण्य, नंतर भिंत फोडावी लागते.

नदीकाठच्या सभासदांसाठी आणखी एक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये काय झाले ते आपण भोगले आहे. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले आणि भोगावतीचे पाणी वाढू लागले, की हातात काही तास असतात. त्या तासांत धान्य, गॅस, शिलाई मशीन, पोरांची पुस्तके आणि घरातली म्हातारी माणसे वर न्यायची असतात, आणि लाइट गेलेली असते. चिंचोळ्या, उंच पायऱ्यांच्या जिन्यावरून पोत्यांची रांग चालत नाही. जिन्याचे तोंड घराच्या मधल्या भागात, सर्व खोल्यांतून सरळ गाठता येईल असे असावे.

घरकुल योजनेतून बांधणाऱ्यांचे घर २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फुटांचे. त्यात आत जिना काढायला जागाच नाही आणि आज गरजही नाही. पण पुढे माडी चढवायचा विचार असेल, तर बाजूला चार फुटांची पट्टी आपल्या हद्दीत मोकळी सोडा आणि पाया त्या हिशेबाने घ्या.

मी माझा जिना २०१२ मध्ये पाडून नव्याने बांधला. सोप्यातून पाच फूट गेले, बायको आठवडाभर बोलली नाही. १७ उंच्या, दहा इंची पावले, मध्ये तीन फुटांचे लँडिंग. काम झाल्यावर आईला म्हटले, बघ एकदा चढून. ती नको-नको म्हणत कठडा धरून निघाली. लँडिंगवर थोडी थांबली, मग वर गेली. गच्चीवर सुनेने पापड घातले होते. बराच वेळ खाली आली नाही म्हणून मी हाक मारली, तर वरूनच म्हणाली, "सतरा हायत रं. आनि पापड अजून वलं हायत, कुणी घातलं हे?"